कोकणातली जुनी वाचनालये: विस्मृत कादंबरीकार शोधायला किती कामाची?

कोकणातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांत विस्मृत कादंबरीकाराचे पुस्तक मिळेलच याची खात्री नाही. त्या पुस्तकाची नोंद मात्र बहुधा मिळते, आणि चरित्र शोधणाऱ्याला अनेकदा पुस्तकापेक्षा ही नोंदच जास्त सांगते. ज्यांच्या हाती एखादी जुनी कादंबरी आहे, लेखकाचे नाव आहे आणि प्रस्तावनेखाली ‘जि. रत्नागिरी’ एवढाच धागा आहे, त्यांना ही वाचनालये किती उपयोगी पडतात, एवढाच प्रश्न इथे धरला आहे. वाचायला कथा-कादंबऱ्या घरी नेणाऱ्या सभासदाचा अनुभव वेगळा असतो, तो इथे विचारात घेतलेला नाही.

या किनाऱ्यावर वाचनालयांची परंपरा फार जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे, चिपळूणचे आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. मराठीतली पहिली म्हणून ओळखली जाणारी कादंबरी १८५७ साली आली. म्हणजे यांतली दोन वाचनालये मराठी कादंबरीहूनही वयाने मोठी आहेत. कादंबरी नवीकोरी असताना ती विकत घेणारी, सभासदांना देणारी आणि शेवटी बाद करणारी संस्था तीच. तिच्या दप्तरात लेखकाच्या पाऊलखुणा राहणारच.

पण तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये. ‘अमुक लेखकाबद्दल काही आहे का’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते, आणि त्यात ग्रंथपालाचा दोष नसतो. आधी घरबसल्या तीन गोष्टी जमवाव्यात: लेखकाच्या पुस्तकांची नावे, त्यांची साले, आणि लेखकाची सर्व नावे.

पहिल्या दोन गोष्टींसाठी शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीला पर्याय नाही. पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातली पुस्तके देतो. या सूचीत न मिळणारे पुस्तक नव्हतेच असे समजू नये. गावच्या छापखान्यात छापून हातोहात विकलेल्या कादंबऱ्या कोणत्याही सूचीतून निसटू शकतात. अशा वेळी १८६७ च्या मुद्रण-नोंदणी कायद्यामुळे निघणाऱ्या तिमाही पुस्तकयाद्या पाहाव्यात. त्या सरकारी गॅझेटबरोबर प्रसिद्ध होत. पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, छापण्याचे आणि प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक-प्रकाशकाचे नाव, प्रसिद्धीची तारीख, पाने, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत इतके तपशील त्यांत देणे कायद्याने बंधनकारक होते. शेवटच्या रकान्यात स्वामित्वहक्क असणाऱ्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाण येते. स्वतःच्या खर्चाने छापणाऱ्या लेखकाचा पत्ता पुष्कळदा या एकाच ठिकाणी शिल्लक उरलेला असतो. शोधाची सुरुवात या रकान्यापासून करणाऱ्याचे काम निम्मे होते.

नावांचा घोळ सर्वांत जास्त वेळ खातो. नाथमाधव हे टोपणनाव द्वारकानाथ माधव पितळे यांनी स्वतःचे आणि वडिलांचे नाव जोडून केले होते. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर आणि माहेरच्या बाळूताई खरे. एकाच बाईची तीन नावे वाचनालयाच्या यादीत तीन ठिकाणी विखुरलेली असू शकतात. बायकांच्या बाबतीत माहेरचे नाव मिळेपर्यंत शाळेचा कागद हाती लागत नाही, सासरचे नाव मिळेपर्यंत मृत्यूची नोंद हाती लागत नाही. शिवाय कोकणात गावावरून ‘-कर’ आडनाव घेणे आणि मूळ आडनाव चालू ठेवणे ही दोन्ही चालतात, कधी एकाच घरात. भाऊ एका आडनावाने आणि लेखक दुसऱ्या आडनावाने नोंदलेला असणे यात नवल काही नाही.

चौथी एक गोष्ट संगणकावर शोधणाऱ्यांसाठी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि जुने अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे छापलेले आहे. यादी भरणाऱ्याने ते जसेच्या तसे घेतले की नव्याप्रमाणे बदलले, हे ठिकाणागणिक निराळे. म्हणून प्रत्येक शोध दोन्ही रूपांनी करावा, आणि आद्याक्षरांऐवजी आडनावाच्या पहिल्या दोन अक्षरांनी यादी उघडून डोळ्यांनी चाळावी. ‘वि. वा.’ च्या जागी ‘वी. वा.’ पडले असेल तर संगणक काहीच दाखवत नाही.

आता वाचनालयाच्या दारात. इथे मागायची पहिली वस्तू म्हणजे जुनी दाखल नोंदवही. कपाटातल्या पुस्तकाकडे नंतर वळावे. या नोंदवहीत दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल, पाने, किंमत आणि पुस्तक कोठून आले हे लिहिलेले असते, शेवटी शेरा. ‘कोठून आले’ या रकान्यात ‘ग्रंथकर्त्याकडून भेट’ असे शब्द दिसले की थांबावे. ज्या वाचनालयाला लेखकाने स्वतः प्रत दिली, त्या गावाशी त्याचे काहीतरी नाते होते: घर, शाळा, नोकरी किंवा सासर. भेटीच्या तारखेच्या पुढेमागे त्या संस्थेच्या इतिवृत्तात आभाराचा ठराव असू शकतो, आणि अशा ठरावात लेखकाचा हुद्दा व मुक्काम येतो. शेऱ्याच्या रकान्यात ‘बाद’ किंवा ‘निर्लेखित’ असे असेल तर प्रत शोधण्यात वेळ घालवू नये, तारीख उतरवून पुढे जावे.

दुसरी मागायची वस्तू वार्षिक अहवाल. व्याख्यानमाला, सत्कार, शोकसभा आणि देणगीदार यांच्या याद्या त्यात असतात. शोकसभेची तारीख मिळाली की मृत्यूचा महिना मिळाला. अहवाल मागताना ‘जुने अहवाल दाखवा’ असे म्हणू नये; ‘१९३० ते १९४० चे’ असे वर्ष धरून मागावे. गठ्ठे वर्षवार बांधलेले असतात आणि सगळे उघडायला कोणाकडेच माणूसबळ नसते.

नोंदवहीचे फोटो काढताना एक चूक सर्रास होते. नोंद डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानावर संपते, आणि दोन्ही पाने एका फोटोत घेतली की मधल्या घडीतले आकडे जातात. पाने वेगवेगळी टिपावीत, आणि ओळ जुळवण्यासाठी दोन्ही फोटोंत वरचा मथळा येऊ द्यावा. फ्लॅश बंद, उजेड खिडकीच्या बाजूने. झेरॉक्स मागूच नये. काचेवर दाबले की जुनी शिवण सुटते आणि शिळा कागद घडीवर तुटतो.

पुस्तकाची प्रत मिळालीच, तर कथानक शेवटी वाचावे. आधी मुखपृष्ठ, शीर्षकपान, त्याची मागची बाजू, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेचा शेवट, मलपृष्ठावरच्या जाहिराती आणि वाचनालयाचा शिक्का. दुर्दैवाने यांतला बराच भाग बांधणीत गेलेला असतो. बाइंडर पुस्तक पुन्हा बांधताना मूळ वेष्टन काढून टाकतो आणि कडा छाटतो. वेष्टन गेले की प्रकाशकाचा पत्ता, किंमत आणि ‘याच लेखकाच्या इतर कादंबऱ्या’ ही यादीही गेली. म्हणून एकाच कादंबरीच्या दोन-तीन गावांतल्या प्रती पाहणे वायफळ नसते. एकीत वेष्टन टिकते, दुसरीत शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच.

साल छापलेले नसेल तरी पुस्तकाचा काळ ठरवता येतो, आणि हे कौशल्य प्रत्येक शोधकाने अंगी बाणवावे. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक १९५७ च्या एप्रिलपूर्वीचे, कारण तेव्हा दशमान नाणी आली. ‘न. पै.’ असेल तर १९५७ ते १९६४ मधले. पुढे ‘नवे’ हा शब्द गळाला. (जुना साठा नवी किंमत चिकटवून विकला जाई, म्हणून चिकटवलेली पट्टी आणि छापलेली किंमत यांत फरक करावा.) प्रकाशकाच्या पत्त्यात ‘मुंबई ४’ असेल तर पुस्तक बहुधा १९७२ पूर्वीचे, ‘४०० ००४’ असेल तर नंतरचे, कारण सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. पिवळट, कडेने तुटणारा, दाट छपाईचा कागद दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईकडे बोट दाखवतो, पण एकट्या कागदावर भरवसा ठेवू नये. कोकणच्या दमट हवेत चांगला कागदही लवकर म्हातारा होतो.

प्रस्तावनेखाली तिथी आणि शक असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. ‘विजयादशमी, शके १८५०’ म्हणजे १९२८ चा ऑक्टोबर. ‘माघ शुद्ध ५, शके १८५०’ म्हणजे १९२९ चा फेब्रुवारी. सरसकट ७८ मिळवणाऱ्यांमुळे पौष-माघातली कितीतरी पुस्तके चरित्रांत एक वर्ष आधी जाऊन बसली आहेत.

कोणत्या वाचनालयात काय पाहावे, हेही थोडक्यात. रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठिकाण आणि वाचनालयही सर्वांत जुने, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या लेखकासाठी सुरुवात इथून करावी. सावंतवाडीला जाताना हे ध्यानात ठेवावे की ते १९४८ पर्यंत संस्थान होते. त्या भागातला लेखक ‘जि. रत्नागिरी’ च्या इंग्रजी अमलातल्या कागदांत न सापडणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच तिथल्या वाचनालयाचे दप्तर अधिक मोलाचे. चिपळूणला २००५ आणि २०२१ च्या दोन्ही महापुरांचा फटका बसला. वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरते तेव्हा तळमजल्यावरचे कागद आधी जातात. तिथे काय मिळाले नाही याचा अर्थ लावताना हे विसरू नये, आणि पुरानंतर ज्यांनी भिजलेली पुस्तके वाळवली त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगावी. मालगुंडचे केशवसुत स्मारक आणि १९९१ साली स्थापन झालेली कोकण मराठी साहित्य परिषद यांचा उपयोग माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी होतो. अमक्या गावच्या लेखकाचे घर कोणते, हे सांगणारा कोणीतरी परिषदेच्या तालुका शाखेत भेटतो. मालगुंडला भर कवितेवर आहे, कादंबरीसाठी मुद्दाम वाट वाकडी करू नये.

लहान गावांतली ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली वाचनालये मात्र कमी लेखू नयेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानासाठी वर्ग पडले. वर्ग आजच्या पुस्तकसंख्येवर आणि सेवेवर ठरतो, जुन्या दप्तरावर नाही. एका खोलीच्या वाचनालयात गावच्या लेखकाची सही असलेली एकमेव प्रत असू शकते. ती कपाटात नसून अध्यक्षांच्या घरी असते, एवढाच काय तो फरक.

साप्ताहिकांच्या फायलींबद्दल वेगळे सांगायला हवे. रत्नागिरीचे ‘सत्यशोधक’ आणि ‘बलवंत’, सावंतवाडीचे ‘वैनतेय’ यांसारख्या पत्रांत स्थानिक लेखकाच्या कादंबरीची पोच, परीक्षण आणि निधनवार्ता यायची. मुंबईच्या मोठ्या दैनिकाने ज्याला ओळही दिली नाही, त्याला गावच्या साप्ताहिकाने अर्धा स्तंभ दिलेला असतो. अडचण एकच: सलग फायली दुर्मीळ आहेत आणि अंक उलटताना तुकडे पडतात. शोकसभेचा किंवा भेटीचा महिना आधी ठरवून तेवढेच अंक मागावेत.

वाचनालय जन्म-मृत्यूचा पुरावा देत नाही, तिथे त्याची मर्यादा संपते. पुढचे काम कचेऱ्यांचे. सध्याचा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्याआधीच्या खेड्यातल्या नोंदी गाव नमुना नं. १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, आणि ती पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. जुन्या नोंदी मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस बरोबर हवा. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नावच नसते, कारण बारशाआधी नोंद होई. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. लेखकाचे नाव शोधत बसणारा इथे हमखास चुकतो. बापाचे आणि आज्याचे नाव घेऊन जावे, आणि भावंडांचा क्रम माहीत करून घ्यावा.

मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते. कोकणातला लेखक गिरगावात किंवा परळात वारला असेल तर गावचे कोतवाल बुक कितीही चाळले तरी नोंद मिळायची नाही. मुंबई महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात जावे लागते. १९६९ च्या कायद्यातले कलम १७ कोणालाही शोध घ्यायला लावण्याचा आणि नोंदीचे प्रमाणपत्र मागण्याचा हक्क देते, मात्र मृत्यूच्या प्रमाणपत्रात कारण दिले जात नाही. अर्जात मृत्यूचे साल जितके नेमके, तितका शोध लवकर. वाचनालयातून मिळालेली शोकसभेची तारीख इथे कामी येते.

शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला तर जन्मतारीख मिळते, पण १ जून दिसली की सावध व्हावे. प्रवेशाच्या वेळी अंदाजे वय लावून गुरुजींनी ही तारीख असंख्य मुलांना दिलेली आहे. लेखक स्वतः शिक्षक असेल तर शाळेचा शताब्दी अंक पाहावा, वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते, आणि अशा शाळांच्या कागदांत मुख्याध्यापकाबरोबर त्याचे सहकारीही नोंदलेले असतात.

जमिनीचे कागद मात्र फार थोडे लोक पाहतात. गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, खातेदार कधी वारला आणि त्याच्यामागे कोण कोण राहिले हे सांगते. लेखकाच्या नावावर चार गुंठे वरकस जमीन असली तरी पुरे. त्यावरून निघालेला फेरफार मुला-मुलींची नावे देतो, आणि लग्न झालेल्या मुलींची सासरची नावेसुद्धा. इथे जिल्हा-तालुक्याचे भान हवे: सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, कुलाब्याचे नाव त्याच वर्षी रायगड झाले, आणि मुरूड-श्रीवर्धन-म्हसळा हा भाग जंजिरा संस्थानात होता. ‘पाली’ रत्नागिरीजवळ आहे आणि सुधागडातही आहे. ‘खेड’ रत्नागिरीत आहे आणि पुणे जिल्ह्यातही. प्रस्तावनेतले गाव नकाशावर पक्के केल्याशिवाय अर्ज करू नये.

वारसांना भेटायचे तर गणपतीत किंवा शिमग्यात. एरवी घराला कुलूप असते आणि चाकरमानी मुंबईत. पण त्याच दिवसांत वाचनालये आणि कचेऱ्या बंद असतात, म्हणून एका फेरीत दोन्ही कामे उरकण्याचा हिशेब जमत नाही. चित्पावन घराण्यांचे छापील कुलवृत्तांत जन्म, शिक्षण, नोकरी आणि ग्रंथरचना एका परिच्छेदात देतात, म्हणून त्या लेखकांची चरित्रे लवकर उभी राहिली. भंडारी, गाबित, कुणबी, महार, ख्रिस्ती किंवा मुसलमान घरातल्या लेखकाला असा आधार क्वचितच मिळतो. त्यांच्यासाठी मुंबईतल्या ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिका, ग्रामस्थ मंडळांचे हिशेब, चर्चची बाप्तिस्मा पुस्तके, गावच्या मुस्लिम जमातीची दप्तरे ही वाट आहे. ती लांबची आहे म्हणून सोडली जाते, आणि विस्मृतीत जास्त तेच लेखक राहतात. हा अन्याय शोधकांनी स्वतः दूर करायला हवा.

वाचनालयांच्या सेवेतल्या उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. बहुतेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळ उघडे आणि दुपारी बंद, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाचा दिवस मधोमध तुटतो. संगणकावरच्या यादीत जुना दाखल क्रमांक अनेकदा घेतलेला नसतो, म्हणून नोंदवहीतली ओळ आणि कपाटातली प्रत जुळत नाही. पावसाळ्यात जुनी कपाटे उघडायला ग्रंथपाल नाखूश असतात, आणि ते बरोबर आहे. बुरशी आणि कसर तेव्हाच पसरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. आठवडाभर आधी पत्र पाठवून पुस्तकाचे नाव, साल आणि हवी असलेली नोंदवही लिहून कळवले की अर्धी कामे जाण्याआधी झालेली असतात. बदल्यात मिळालेल्या माहितीची टंकलिखित प्रत आणि फोटो त्या वाचनालयाला अवश्य द्यावेत, लेखकाच्या नावाची पाकीट-फाईल करून.

मृत्यूचे साल पक्के करण्याला आणखी एक व्यवहारी कारण आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. चिपळूणला जन्मलेले मामा वरेरकर नाटककार म्हणून लक्षात राहिले, कादंबऱ्या मागे पडल्या. ते १९६४ साली वारले, म्हणून अशा त्यांच्या कादंबऱ्या १ जानेवारी २०२५ पासून कोणालाही स्कॅन करून ठेवता येतात, पुन्हा छापता येतात. टोपणनावाने लिहिणाऱ्याची ओळख उघड झालेली नसेल तर साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. मुदत संपलेली प्रत एखाद्या वाचनालयात हाती लागली तर ग्रंथपालाच्या परवानगीने, शिवण न उसवता, पान-पान वरून टिपून घ्यावे आणि पहिल्या फोटोत दाखल क्रमांकाचा शिक्का यावा.